शेपटीचा प्राणी : सॅलॅमँडरच्या ओळखीची गोष्ट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसहून एका विज्ञानशिक्षकांनी मला मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. एका शिक्षक-शिबिरात आमची ओळख झाली होती. छायाचित्रात काचेच्या बरणीत, तळाशी थोड्या पाण्यात, जेमतेम बोटाएवढा एक प्राणी दिसत होता. अंग मातकट, चार पाय, लांब शेपूट. खाली मजकूर होता : "नववीतल्या एका मुलाला शेततळ्याच्या काठावर सापडला. तो म्हणतो, हा सॅलॅमँडर आहे. आपले मत कळवावे."

मी कामाच्या गडबडीत होतो. छायाचित्रही फारसे स्पष्ट नव्हते. महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाहीत हे मला पक्के ठाऊक होते. मी लगेच उत्तर धाडले : "शक्य नाही. पाल किंवा सापसुरळीचे पिल्लू पाण्यात पडले असावे."

संध्याकाळी त्या मुलाचे उत्तर शिक्षकांनी जसेच्या तसे पाठवले : "सर, पालीला खवले असतात. मी भिंगातून पाहिले. याच्या अंगावर खवले नाहीत. पालीला नखे असतात, याला नाहीत. पालीच्या पुढच्या पायाला पाच बोटे असतात, याला चार आहेत. कातडी ओली आहे. पुस्तकात लिहिले आहे की उभयचर म्हणजे बेडूक, भेक आणि सॅलॅमँडर. बेडकाला आणि भेकाला शेपूट नसते. मग राहिले काय?"

मी गप्प झालो. त्याची प्रत्येक नोंद बरोबर होती. तो प्राणी पाल नव्हताच. माझे उत्तर चुकले होते, आणि ते चुकले याचे कारण मी प्राणी न पाहता केवळ नकाशा पाहून उत्तर दिले होते. पण मुलाचे उत्तरही बरोबर नव्हते. तो सॅलॅमँडरही नव्हता.

मग तो होता कोण? ते सांगण्याआधी थोडे इतिहासात डोकावू. कारण त्या मुलाने आणि मी मिळून एका दिवसात जो घोळ घातला, तोच घोळ निस्तरायला विज्ञानाला काही शतके लागली आहेत.

आगीतला प्राणी

सॅलॅमँडर हे नाव ग्रीक भाषेतून आले. युरोपच्या जंगलात काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला एक सॅलॅमँडर आढळतो. हा प्राणी आगीतून चालत जातो आणि आग विझवतो, असा समज ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे. पुढे रोमन लेखक प्लिनीने त्याचे अंग बर्फासारखे थंड असते, असे लिहिले. हा समज कसा रुजला असावा याचे एक सोपे स्पष्टीकरण दिले जाते. हा प्राणी ओल्या, कुजक्या ओंडक्यांच्या फटीत दडून बसतो. असा ओंडका चुलीत घातला की धग लागून तो बाहेर पळतो. पाहणाऱ्याला वाटते, हा आगीतूनच जन्मला.

मध्ययुगात तर न जळणाऱ्या कापडाला 'सॅलॅमँडरची लोकर' म्हणत. तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगितले की हे कापड कोणत्याही प्राण्यापासून होत नाही, ते डोंगरातून खणून काढलेल्या खनिजाचे असते. आज त्या खनिजाला आपण ॲस्बेस्टॉस म्हणतो.

म्हणजे प्राणी घराजवळचा, रोज पायाखाली येणारा, आणि त्याच्याविषयीची माहिती मात्र ऐकीव. आपल्याकडे पाल अंगावर पडली तर काय होते, सापसुरळी चावली तर माणूस वाचत नाही, असल्या गोष्टी याच जातीच्या. पाल आणि सापसुरळी दोन्ही बिनविषारी आहेत. तरीही सापसुरळी दिसली की काठी शोधली जाते.

लिनियसची यादी

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात आजही याच आवृत्तीपासून धरतात. त्यात 'लॅसर्टा' नावाची एक प्रजाती आहे. तिच्यात लिनियसने कोणाकोणाला बसवले ते पाहण्यासारखे आहे. मगर त्यात आहे, पाल त्यात आहे, सरडे आहेत आणि सॅलॅमँडरही आहे! चार पाय आणि शेपूट एवढे असले की लॅसर्टा. ज्यांना पाय नाहीत ते साप. त्यामुळे देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर प्राणी सापांच्या रांगेत जाऊन बसला.

लिनियसला हसण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे जगभरातून आलेले नमुने होते, पण ते मद्यार्कात बुडवलेले किंवा वाळवलेले. अशा नमुन्याला रंग नसतो, हालचाल नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला बालपण नसते. बरणीतला प्राणी आयुष्यातल्या एका क्षणी थांबलेला असतो. आणि त्या एका क्षणाला सॅलॅमँडर आणि सरडा खरोखरच सारखे दिसतात. मला ताडकळसहून आलेले छायाचित्रही असेच एका क्षणाचे होते.

बालपण विचारा

ही गाठ पॅरिसमध्ये सुटली. १८०० च्या सुमारास अलेक्झांद्र ब्रोंन्यार या तिशीतल्या शास्त्रज्ञाने सरपटणाऱ्या प्राण्यांची नवी विभागणी मांडली. हाच ब्रोंन्यार पुढे सेव्हर येथील चिनीमातीच्या प्रसिद्ध कारखान्याचा संचालक झाला. त्याने केवळ पाय आणि शेपूट मोजली नाही. हृदयाची रचना कशी आहे, अंडी कशी आहेत, पिल्ले कशी वाढतात, हे त्याने विचारले. सॅलॅमँडरच्या अंड्याला पालीच्या अंड्यासारखे कवच नसते. त्याची पिल्ले पाण्यात वाढतात आणि कल्ल्यांनी श्वास घेतात. मग त्याचे नाते सरड्याशी कसे? ब्रोंन्यारने सॅलॅमँडरला उचलून बेडकांच्या गटात ठेवले.

१८१६ साली ब्लँव्हील या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कातडीवर बोट ठेवले. खवल्यांच्या कातडीचे प्राणी वेगळे आणि उघड्या कातडीचे वेगळे. आपल्या शाळेतल्या सरीसृप आणि उभयचर या दोन वर्गांमागे हीच विभागणी आहे. ताडकळसच्या मुलाने भिंगातून केलेली पहिली परीक्षा ती हीच.

देवगांडुळाची गोष्ट आणखी थोडी लांबली. गांडुळासारखा दिसणारा, जमिनीत राहणारा हा प्राणी साप की आणखी कोणी? १८३१ साली जर्मनीचा योहानेस म्युलर हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयातला एक लहानसा नमुना तपासत होता. त्या पिल्लाच्या मानेजवळ त्याला कल्ल्यांची छिद्रे दिसली. मोठेपणी ती उरत नाहीत. सापाच्या पिल्लाला कल्ले कधीच नसतात. एका पिल्लाने देवगांडुळाचे कूळ सिद्ध केले.

आज उभयचरांचे जे तीन गट आपण शिकवतो, त्यांत बेडकांच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत, सॅलॅमँडरच्या आठशेच्या आसपास आणि देवगांडुळांच्या दोनशेहून अधिक. हे तीन गट एका वर्गात बसतात ते मोठेपणच्या रूपावरून नव्हे. मोठेपणी तर एक शेपटीविना, एक शेपटीसह आणि एक पायांविना!

माणूस समजलेला सॅलॅमँडर

रूपावर विसंबून केवढी मोठी चूक होऊ शकते याचे एक उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. १७२६ साली झुरिकचे एक विद्वान वैद्य शॉयख्झर यांनी एका जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध केले. दगडात मोठी कवटी, डोळ्यांच्या खाचा आणि पाठीचा कणा दिसत होता. बायबलमधल्या महापुरात बुडालेल्या माणसाचा हा सांगाडा आहे, असे त्यांनी ठरवले आणि 'महापुराचा साक्षीदार माणूस' अशा अर्थाचे लॅटिन नाव त्याला दिले.

पुढे तो दगड हॉलंडमधल्या हार्लेमच्या संग्रहालयात गेला. १८११ साली फ्रान्सचा जॉर्ज क्युव्हिए तेथे पोहोचला. हा सॅलॅमँडर असावा असा त्याचा अंदाज होता. अंदाज खरा असेल तर दगडात अमुक ठिकाणी पुढचे पाय लपलेले असले पाहिजेत. त्याने सॅलॅमँडरच्या सांगाड्याचे चित्र समोर ठेवले आणि सुईने दगड कोरायला सुरुवात केली. पाय त्याच ठिकाणी निघाले! तो एका प्रचंड, नामशेष झालेल्या सॅलॅमँडरचा सांगाडा होता. आज त्याचे शास्त्रीय नाव 'अँड्रियास शॉयख्झरी' असे आहे. चूक करणाऱ्याचे नाव असे सन्मानाने टिकून राहिले.

क्युव्हिएने काय केले ते मुलांना नीट समजावून द्यावे. "मला वाटते" एवढ्यावर तो थांबला नाही. माझे म्हणणे खरे असेल तर पुढे काय दिसले पाहिजे, असे त्याने आधी ठरवले आणि मग शोधले.

न वाढणारे पिल्लू

मेक्सिकोतल्या तळ्यात ॲक्सोलॉटल नावाचा एक प्राणी राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि सगळे आयुष्य पाण्यात. हे कोणाचे तरी पिल्लू असावे असा क्युव्हिएला संशय होता, पण पुरावा नव्हता. उलट ॲक्सोलॉटल अंडी घालतो, मग तो पिल्लू कसा?

१८६४ साली काही जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले. ऑग्युस्त द्युमेरील यांच्या देखरेखीखाली त्यांतल्या काहींची वीण झाली. १८६५ साली त्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले आखडले, शेपटीवरचा पडदा नाहीसा झाला, अंगावर ठिपके उमटले आणि ती जमिनीवर चालू लागली. पाण्यातला ॲक्सोलॉटल हा एका सॅलॅमँडरचे पिल्लूच होता. बहुतेक ॲक्सोलॉटल आयुष्यभर बालरूपातच राहतात आणि त्याच रूपात वीण घालतात. नुसता नमुना पाहून हे कोणालाही कळले नसते. त्यासाठी पाळून, वाट पाहावी लागली.

भारतातला सॅलॅमँडर

आता आपल्या देशाकडे येऊ. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख जॉन अँडरसन १८६८ साली एका मोहिमेबरोबर ब्रह्मदेशातून चीनच्या युनान प्रांतात गेले. तिथल्या खोऱ्यांत त्यांना पाठीवर गाठींच्या दोन रांगा असलेला एक सॅलॅमँडर मिळाला. १८७१ साली त्यांनी त्याचे 'टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस' असे नामकरण केले. दार्जिलिंगच्या डोंगरातला सॅलॅमँडर हाच, असे पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे मानले जात होते. २०१५ साली पूर्व नेपाळमधल्या नमुन्यांवरून लक्षात आले की हिमालयातली जात वेगळी आहे. तिला 'टायलोटोट्रायटन हिमालयानस' हे नाव मिळाले. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे या प्राण्यासाठी १९८५ पासून एक चिमुकले अभयारण्यही आहे.

पूर्व हिमालय आणि ईशान्य भारत सोडला तर देशात कोठेही रानात सॅलॅमँडर नाही. असे का? सॅलॅमँडर हा मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड, ओल्या प्रदेशांचा प्राणी आहे. भारताचा भूखंड एके काळी दक्षिणेकडच्या गोंडवन खंडाचा भाग होता. तो तुटून उत्तरेकडे सरकत आला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. आशियातून आलेले सॅलॅमँडर हिमालयाच्या ओल्या उतारांपर्यंत पोहोचले. पुढे गंगेचे तापलेले मैदान आणि त्यापलीकडे दख्खनचे कोरडे पठार. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढणारा मराठवाडा हा काही त्यांचा मुलूख नव्हे.

देवगांडुळाचा प्रवास याच्या उलट. सह्याद्रीतल्या काही देवगांडुळांचे जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. ती बेटेही एके काळी भारताला जोडलेली होती. म्हणजे हे प्राणी भूखंडाबरोबरच प्रवास करून आले. १९६० साली खंडाळ्याच्या आणि २००३ साली आंबोलीच्या देवगांडुळाची शास्त्रीय नोंद झाली. आंबोलीच्या जातीला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले ज्येष्ठ निसर्गतज्ज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले आहे. तेव्हा पुस्तकातल्या सॅलॅमँडरसाठी महाराष्ट्रातल्या मुलाला दार्जिलिंगला जावे लागेल, पण उभयचरांचा तिसरा गट त्याच्या स्वतःच्या राज्यात आहे. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत मात्र तो क्वचितच दिसतो.

पुन्हा ताडकळसला

आता त्या बरणीकडे वळू. मी शिक्षकांना कळवले की माझे उत्तर चुकले आहे, आणि मुलासाठी एक प्रश्न पाठवला : "क्युव्हिएप्रमाणे आधी ठरव. हा सॅलॅमँडर असेल तर तळ्यात याची पिल्ले कशी दिसली पाहिजेत?" सोबत एक खूण दिली. सॅलॅमँडरच्या पिल्लाला पुढचे पाय आधी दिसू लागतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले बाहेर आलेले असतात. बेडकाच्या पिल्लाचे, म्हणजे भैकेराचे, मागचे पाय आधी दिसतात. त्याचे पुढचे पाय कल्ल्यांवरच्या पडद्याखाली वाढत असतात, ते सर्वांत शेवटी बाहेर पडतात.

मुलाने तो प्राणी तळ्यात परत सोडला होता. तीन दिवस तो शाळा सुटल्यावर काठावर बसला. चौथ्या दिवशी पाच छायाचित्रे एका ओळीत लावून आली. पहिल्यात मागचे दोनच पाय असलेला भैकेर. दुसऱ्यात चार पाय आणि लांब शेपूट, म्हणजे पहिल्या दिवशीचा आपला 'सॅलॅमँडर'. तिसऱ्यात शेपूट अर्धी. चौथ्यात नुसते टोक. पाचव्यात बिनशेपटीचा चिमुकला बेडूक. हा तोच बेडूक, जो तळ्याच्या काठी बसलेला असतो आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत जातो. पाचही एकाच तळ्यातले होते. पिसांच्या कल्ल्यांचे पिल्लू एकही मिळाले नाही.

खवले नाहीत, नखे नाहीत, पुढे चार बोटे, ओली कातडी आणि शेपूट, या सगळ्या खुणा रूपांतर होत असलेल्या बेडकाला लागू पडतात. पण फक्त दोन-चार दिवसच. बेडकाला शेपूट नसते, हे पुस्तकातले वाक्य मोठ्या बेडकापुरते खरे आहे.

शिक्षकांसाठी

घराच्या आणि तळ्याच्या आसपासचा प्राणी ओळखताना मुलांना हे प्रश्न क्रमाने विचारता येतील.

१. अंगावर खवले आहेत का? भिंग जरूर वापरावे, कारण पालीचे खवले बारीक मण्यांसारखे असतात आणि नुसत्या डोळ्यांना कातडी गुळगुळीत वाटते. खवले आणि चार पाय असतील तर पाल, सरडा किंवा सापसुरळी. खवले आहेत पण पाय नाहीत, तर साप. न्हाणीत किंवा कुंडीखाली सापडणारा, गांडुळाएवढा वाळा हाही सापच, पण अगदी निरुपद्रवी.

२. नखे आहेत का? डोळ्यामागे कानाचे भोक दिसते का? पाल आणि सापसुरळीला दोन्ही असतात. सॅलॅमँडरला बाहेरून दिसणारा कान नसतो.

३. कातडी ओली, खवल्यांविना आणि सोबत शेपूट आहे का? मग घाईने नाव देऊ नये. मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब आणि दुमडलेले असतील तर तो बेडूक होऊ घातला आहे. दोन-चार दिवस त्याच काठावर पाहत राहावे.

४. हे ठिकाण कोणते? हा प्रश्न शेवटी विचारावा. मी तो आधी विचारला आणि फसलो.

प्राणी घरी नेऊ नयेत. पारदर्शक बरणीत, तळ्याच्याच पाण्यात काही मिनिटे पाहून जिथे होता तिथेच सोडावा. पाहण्याआधी हात ओले करावेत आणि नंतर साबणाने धुवावेत. भेकाच्या कातडीतला स्राव डोळ्यांना झोंबतो.

त्या मुलाच्या वहीत शिक्षकांनी त्याचे पहिले उत्तर खोडू दिले नाही. त्याखालीच पाच छायाचित्रे चिकटवली आहेत आणि शेवटी मुलाचा नवा प्रश्न आहे : "शेपूट तळ्यात कुठे पडलेली दिसली नाही. मग ती गेली कुठे?"

प्रश्न उत्तम आहे. बेडकाची शेपूट गळते असे आपण सहज बोलून जातो, पण ती गळत नाही. ती आतल्या आत विरघळते आणि शरीरात शोषली जाते. त्या दिवसांत तोंडाची आणि आतड्याची रचना बदलत असल्याने पिल्लाला खाता येत नाही, तेव्हा ही शेपूटच त्याची शिदोरी असते. हे सारे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाने घडते. १९१२ साली गुडरनाच याने भैकेरांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक झाले.

हे उत्तर मी ताडकळसला कळवले आहे. या वेळी मात्र छायाचित्रे नीट पाहून.